घाटातली पद्मिनी, तीस सेकंदांत: विद्यार्थ्याच्या ॲनिमेशनला खर्च किती?

ॲनिमेशन शिकणाऱ्या मुलामुलींच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये हल्ली एक गाडी हमखास दिसते, आणि ती बहुतेकदा आजोबांची असते. फियाट, म्हणजे प्रीमिअर पद्मिनी. बोरघाटातला पाऊस, कॅरिअरवर ताडपत्रीत बांधलेलं सामान, रेडिएटर उकळला म्हणून कडेला घेतलेली गाडी आणि मागच्या काचेतून डोकावणारी पोरं. कल्पना छान आहे. मुंबई-पुण्याच्या निम्म्या घरांत तिची एखादी आवृत्ती सापडेल. पण घरात विषय निघतो तो ‘मला नवा कॉम्प्युटर लागेल’ इथून, आणि मग आकडा लाखाच्या खाली यायचं नाव घेत नाही.

इथे हिशेब उलटीकडून मांडला आहे. आधी शॉट, मग फ्रेम, मग मिनिटं आणि सगळ्यांत शेवटी खरेदी. किमती अंदाजे आहेत. ग्राफिक्स कार्ड आणि रॅमचे भाव महिन्यागणिक हलतात, त्यामुळे पैसे देण्याच्या दिवशी दोन-तीन दुकानांत विचारून घ्यायलाच हवं.

७२० चित्रं

तीस सेकंदांचा शॉट, सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे ७२० चित्रं. प्रत्येक चित्र कॉम्प्युटरला स्वतंत्रपणे तयार करायचं असतं. यालाच रेंडर म्हणतात. एका फ्रेमला किती वेळ लागतो, यावर पुढचा सगळा खर्च ठरतो.

मध्यम दर्जाच्या ग्राफिक्स कार्डावर ब्लेंडरच्या सायकल्स या इंजिनात ओल्या रस्त्यावरची गाडी फुल एचडीत रेंडर करायला फ्रेमला तीन मिनिटं धरू. ७२० गुणिले तीन, म्हणजे ३६ तास. हीच फाइल ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपवर टाकली आणि फ्रेमला २५ मिनिटं लागली, तर होतात ३०० तास. लॅपटॉप साडेबारा दिवस अखंड चालू. ब्लेंडरचंच दुसरं इंजिन आहे ईव्ही. त्यात फ्रेमला पाच सेकंद लागले तर सगळं काम एका तासात आटोपतं. प्रकाश आणि प्रतिबिंबं सायकल्सइतकी अचूक येत नाहीत, पण चित्रासारखा, थोडा रंगवलेला पोत हवा असेल तर प्रेक्षकाला फरक जाणवतही नाही. ऑस्कर मिळवलेला ‘फ्लो’ हा लाटव्हियाचा चित्रपट ब्लेंडरमध्ये बनला आणि ईव्हीनंच रेंडर झाला. ‘ईव्ही म्हणजे कच्चं काम’ असं वर्गात कुणी म्हणालं, तर हे नाव सांगावं.

विजेचा खर्च लोक उगाच मोठा धरतात. साडेतीनशे वॅट खेचणारा डेस्कटॉप ३६ तास चालला तर साधारण साडेबारा युनिट होतात. युनिटला १२ रुपये धरले तरी दीडशे रुपये. पहिलं रेंडर कधीच शेवटचं नसतं, म्हणून चौपट धरा: सहाशे. खरी टंचाई असते ती सबमिशनच्या आधीच्या दिवसांची.

म्हणून शॉट लिहितानाच काटकसर करावी. कॅमेरा स्थिर असेल तर डोंगर आणि रस्ता एकदाच रेंडर करायचा आणि हलणारी गाडी तेवढी वेगळी काढून वर बसवायची. घाटातलं धुकं तर देणगीच समजा. धुक्याआड डोंगर रचावे लागत नाहीत. मात्र हे धुकं सायकल्समध्ये खऱ्या धुक्यासारखं, म्हणजे व्हॉल्युमेट्रिक पद्धतीनं करू नका. त्यानं फ्रेमचा वेळ कित्येक पट वाढतो आणि वर दाणे उमटतात ते वेगळेच. ब्लेंडरमध्ये ‘मिस्ट पास’ असतो: लांबच्या वस्तू किती फिकट दिसाव्यात याचं एक करडं चित्र रेंडरसोबतच मिळतं. कंपोझिटिंगमध्ये ते वापरून धुकं चढवायचं. खर्च शून्य. काचेवरच्या थेंबांचंही तसंच. पाण्याचं सिम्युलेशन लावलं की त्याच्या साठवणीच्या फायली बघता बघता डिस्क भरून टाकतात. थेंबांचं हलतं टेक्स्चर काचेवर लावलं तर वायपर फिरत असताना कुणी थेंब मोजायला येत नाही.

कॉम्प्युटर: काय घ्यायचं, काय टाळायचं

घरात चालता डेस्कटॉप असेल तर फक्त ग्राफिक्स कार्ड आणि गरज पडली तर पॉवर सप्लाय बदलून भागतं. कार्ड घेताना आकर्षक खोक्यापेक्षा मेमरी बघा. सगळं दृश्य, टेक्स्चरसकट, कार्डाच्या मेमरीत मावावं लागतं. मावलं नाही तर रेंडर रेंगाळतं किंवा अर्ध्यात थांबतं. ८ जीबीत एक गाडी आणि मोजकं निसर्गदृश्य होतं, १२ जीबी असेल तर जीव टांगणीला लागत नाही. १२ जीबीचं मध्यम कार्ड नवं घेतलं तर पंचवीस ते तीस हजार, आणि पूर्ण डेस्कटॉप जोडून घेतला तर पाऊण ते एक लाख, असा अंदाज धरा. त्याच ताकदीचा लॅपटॉप महाग पडतो, तापतो आणि तापला की मंदावतो. वसतिगृहात राहणाऱ्यांना इलाज नसतो. बाकीच्यांनी डेस्कटॉपच घ्यावा.

लॅमिंग्टन रोडला जाणार असाल तर एक गोष्ट पक्की करा: जीएसटीचं बिल आणि त्यावर कार्डाचा सीरियल नंबर. ‘बिलाशिवाय दोन हजार कमी’ हे वाक्य ऐकू येईलच. वॉरंटी त्या नंबरावर आणि बिलावर चालते, तेव्हा ते दोन हजार वाचवू नका. वापरलेलं कार्ड अर्ध्याच्या आसपास मिळू शकतं, पण ते आधी नाणी काढायच्या, म्हणजे क्रिप्टोच्या कामात रात्रंदिवस राबलेलं असू शकतं. दुकानातच ब्लेंडर उघडून अर्धा तास रेंडर लावून दाखवायला सांगा. पंखा खरखरतो का, पडद्यावर ठिपके उमटतात का, ते तिथेच कळेल. तेवढा वेळ द्यायला जो तयार नाही, त्याचं कार्ड घेऊ नका.

पण खरेदीच्या आधी कॉलेजच्या लॅबकडे बघा. वर्षाची फी भरलेली असते आणि रात्री तिथली यंत्रं झोपलेली असतात. ब्लेंडर इन्स्टॉल न करताही झिप फाइलमधून चालतं. लॅब असिस्टंटशी गोड बोलून शनिवार-रविवार मिळवले आणि चार यंत्रांवर १८०-१८० फ्रेम वाटून दिल्या, तर वर सांगितलेले ३६ तास नऊवर येतात. शीपइट नावाची एक सामायिक व्यवस्थाही आहे. आपलं यंत्र रिकामं असताना इतरांसाठी राबवायचं, त्याचे गुण मिळतात आणि त्या गुणांवर आपलं रेंडर होतं. पैसे लागत नाहीत. भाड्यानं रेंडर करून देणाऱ्या कंपन्या डॉलरमध्ये बिल करतात. त्यावर बँकेचा परकीय चलनाचा आकार चढतो. तिकडे जायचंच असेल तर सबंध शॉट पाठवण्याआधी तीनच फ्रेम पाठवा: सर्वांत सोपी, सर्वांत जड आणि एक मधली. त्यांच्या सरासरीला ७२० नं गुणलं की खर्च कळतो. बहुतेक ठिकाणी सुरुवातीला थोडं फुकट क्रेडिट देतात, ते याचसाठी वापरा.

यूपीएसवर मात्र कंजुषी नको. साध्या सहाशे व्हीएच्या यूपीएसला ग्राफिक्स कार्डाचा भार पेलत नाही. अकराशे व्हीएच्या आसपासचा, पाच-सहा हजारांचा घ्यावा लागतो. तोही काही मिनिटंच तग धरतो, पण तेवढ्यात काम नीट बंद करता येतं. त्याहून महत्त्वाचं, रेंडर थेट व्हिडिओ फाइलमध्ये कधीच काढू नका. एकेक फ्रेम वेगळ्या चित्राच्या रूपात साठवा. पाचशेव्या फ्रेमला लाइट गेली तर चित्रांच्या पद्धतीत त्या पाचशेव्या फ्रेमपासूनच पुढे सुरू करता येतं. व्हिडिओ फाइल अर्धवट राहिली की ती उघडेलच याचा नेम नसतो, आणि ४९९ फ्रेम पाण्यात. ही सवय फुकट आहे आणि यूपीएसपेक्षा जास्त कामाला येते.

सॉफ्टवेअरचे पैसे मागितले तर

देऊ नका. ब्लेंडर फुकट आहे, कायमचं. २००२ साली ‘ब्लेंडर मुक्त करा’ म्हणून लोकांनी एक लाख युरो जमवले, तेव्हापासून ते खुलं आहे. संस्थेत माया शिकवत असतील तर विद्यार्थ्यांना त्याचा शैक्षणिक परवाना मोफत मिळतो. कॉलेजचा पुरावा द्यावा लागतो, दर वर्षी नूतनीकरण करावं लागतं आणि पैसे घेऊन केलेल्या कामाला तो चालत नाही. एडिटिंगला आणि रंग जुळवायला डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती पुरते. डांबर, गंजका पत्रा, ढगाळ आभाळ यांची उत्तम टेक्स्चर पॉली हेवनवर विनामूल्य आणि विनाअट आहेत. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर आणून देणारा मित्र प्रत्येक वर्गात असतो. सबमिशनच्या आठवड्यात सगळ्या फायली कुलूपबंद करणारा व्हायरसही बऱ्याचदा त्याच पेनड्राइव्हवरून येतो.

गाडी बघायला जा

सगळ्यांत कमी पैसे आणि सगळ्यांत जास्त पायपीट लागते ती इथे, आणि आठवणीतली गाडी खरी वाटते ती इथल्याच कामामुळे.

पद्मिनी कुर्ल्याच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात बनत असे. मुळात ती फियाट ११०० डिलाइट. पद्मिनी हे नाव सत्तरच्या दशकात आलं. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ अखेर वीस वर्षांची मुदत संपून उतरली, तेव्हा टॅक्सी-स्टँडवर ती आता भेटायची नाही. खासगी पद्मिनी मात्र अजून आहेत. जुन्या फियाटचं काम करणारे मेस्त्री शोधा. प्रत्येक शहरात एक-दोन तरी असतात आणि मुलं गाडीबद्दल विचारायला आली की ते खूश होतात. जाण्यायेण्याचा आणि चहापाण्याचा खर्च हजार-दीड हजार. शूटिंगला गाडी भाड्यानं देणाऱ्यांकडे जाऊ नका. ते दिवसाचं भाडं सांगतात आणि तुम्हाला दोनच तास हवे असतात.

सोबत मेजरटेप न्या. पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्यांमधलं अंतर मोजा; ते २३४० मिलिमीटर भरायला हवं. याच एका मापावर पुढे सगळं प्रमाण बसवायचं. फोटो काढताना आठ-दहा मीटर मागे जाऊन झूम करा. मोबाइलच्या रुंद लेन्सनं जवळून काढलेल्या फोटोत बॉनेट फुगतं, आणि तोच फोटो पाठीमागे लावून मॉडेल केलं की गाडी बेडकासारखी दिसायला लागते. फोन गाडीभोवती फिरवून मॉडेल काढून देणाऱ्या ॲपचे पैसे भरू नका. चकचकीत पत्रा, क्रोम आणि काच यांवर ते फसतं, आणि फियाटमध्ये दुसरं काय असतं?

बारकावे टिपून घ्या. पुढच्या दारातली फिरवून उघडायची छोटी तिकोनी काच. स्टिअरिंगच्या दांड्यालाच जोडलेला गिअरचा दांडा, डाव्या हाताचा. पुढची सलग सीट, ज्यावर मधे एखादं लहान मूल सहज मावायचं. चोकचं बटण. मागच्या पंखांची छोटी टोकं. बॉनेटची बिजागरी कुठल्या बाजूला आहे आणि ते किती उघडतं, याचा व्हिडिओ घ्या, कारण रेडिएटर उकळल्यावर ते उघडायचंच आहे.

साल एकदा ठरवलं की त्याला जागा. दृश्य १९८२ चं असेल तर मागून मारुती येऊ शकत नाही. पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली १४ डिसेंबर १९८३ ला. नंबरप्लेटवर ‘एमएच १२’ लिहू नका. ती पद्धत १९८९ नंतरची. त्याआधी तीन इंग्रजी अक्षरं आणि पुढे आकडे असायचे, आणि खासगी गाड्यांना काळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत. खंडाळ्याजवळचा अमृतांजन पूल घ्यायचा असेल तर जुन्या फोटोंवरूनच घ्यावा लागेल. १८३० चा तो पूल एप्रिल २०२० मध्ये पाडला. आणि एक्स्प्रेस-वेचे निळे-हिरवे फलक, प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटल्या, सीटबेल्ट यांपैकी काहीही नको. रेडिएटरसाठी ओढ्याचं पाणी आणायचं तेही पत्र्याच्या डब्यातून.

तयार मॉडेल विकत घ्यावं का?

जुन्या फियाटची तयार मॉडेल्स परदेशी संकेतस्थळांवर काही हजार रुपयांत मिळतात. नोकरीसाठी मॉडेलिंगची रील करायची असेल तर घेऊ नका. मुलाखतीत वायरफ्रेम, म्हणजे मॉडेलची जाळी, दाखवा म्हणतात आणि तिथे सगळं उघडं पडतं. ॲनिमेशन किंवा प्रकाशयोजना दाखवायची असेल तर जरूर घ्या, फक्त रीलमध्ये तसं लिहा. परवाना वाचा. गाड्यांच्या मॉडेलवर बऱ्याचदा ‘फक्त संपादकीय वापर’ अशी अट असते, कारण गाडीच्या बोधचिन्हावर कंपनीचा हक्क असतो. असं मॉडेल जाहिरातीत वापरता येत नाही.

स्वतः करायचं असेल तर नवशिक्याला महिना-दीड महिना लागतो, रोज तीन-चार तास धरून. गाडीचा पत्रा हे अवघड प्रकरण आहे. जाळीचा एक बिंदू किंचित वर-खाली झाला तरी डोळ्याला आकारात काही दिसत नाही, पण रंग चढल्यावर प्रतिबिंब त्या जागी लचकतं, पोचा पडल्यासारखं. म्हणून सुरुवातीपासून पट्ट्यापट्ट्यांचा चकचकीत मॅटकॅप, म्हणजे मॉडेलवर तात्पुरती चढवायची छटा, लावून काम करा. पट्टे बॉनेटवरून दारापर्यंत न तुटता वाहिले पाहिजेत. अर्धी गाडीच करायची, दुसरी बाजू मिरर मॉडिफायर देतो. कमीत कमी बिंदूंत मूळ आकार आणि मग सबडिव्हिजन, हाच क्रम. उलट गेलात तर पत्रा कधीच सरळ होत नाही.

चाक उलटं का फिरतं?

ॲनिमेशनला पैसे लागत नाहीत. गणित लागतं, तेही शाळेतलं. पद्मिनीच्या टायरचा घेर साधारण १.९ मीटर. घाटात गाडी ताशी ३० किलोमीटरनं चढतेय असं धरलं, तर सेकंदाला ८.३ मीटर, म्हणजे फ्रेममागे सुमारे ३५ सेंटिमीटर. तेवढ्यात चाक ६६ अंश फिरतं. आता चाकावर समान अंतरानं चार खाचा असतील, तर ९० अंशांनंतर चाक पुन्हा पहिल्यासारखंच दिसतं. ६६ अंश पुढे गेलेलं चाक डोळ्याला २४ अंश मागे आल्यासारखं वाटतं, आणि गाडी पुढे, चाक मागे असा विनोद होतो. मोशन ब्लर चालू केलं की हे बऱ्याच अंशी लपतं. चाक हातानं फिरवत बसू नका. गाडीनं कापलेलं अंतर भागिले चाकाची त्रिज्या, हे सूत्र ब्लेंडरमधल्या ‘ड्रायव्हर’ या सोयीत लावलं की ते आपोआप फिरतं, आणि रस्त्यावर घसरल्यासारखं दिसत नाही.

पद्मिनीच्या मागच्या बाजूला पाटे असतात. गिअर पडला की मागचा भाग किंचित बसतो, खड्ड्यातून गेली की दोनदा हलून थांबते, आणि चार माणसं व कॅरिअरवर सामान असेल तर मुळातच ती मागे झुकलेली असते. एवढं केलं की गाडीला वजन येतं. नसेल तर कितीही चांगलं मॉडेल खेळण्यासारखं रस्त्यावरून सरकतं.

गाणं टाळा

इथे बहुतेकांचा प्रोजेक्ट अडकतो. गाडीत रेडिओ आहे, तेव्हा जुनं गाणं हवंच, असा आग्रह असतो. ‘साठ वर्षं झाली की गाणं मोकळं’ ही समजूत अर्धवट आहे. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षं राहतो, हे खरं. पण चाल आणि शब्द यांचा हक्क संगीतकार आणि गीतकार यांच्या निधनानंतर साठ वर्षं चालतो. म्हणजे १९६० ची तबकडी मोकळी झाली तरी तिच्यातलं गाणं मोकळं झालेलं नसतं. वर्गात दाखवायला कुणी अडवणार नाही. महोत्सवाला पाठवताना किंवा यूट्यूबवर टाकताना अडवतील. त्यापेक्षा संगीत शिकणाऱ्या मित्राकडून त्या काळच्या ढंगाची नवी धून करून घ्या आणि दोन-तीन हजार त्याच्या हातावर ठेवा. एका कागदावर ‘ही धून या फिल्मसाठी वापरायला दिली’ असं लिहून सही घ्या.

गाडीचा आवाज मात्र खरा घ्या. मेस्त्रीकडे गेलात तेव्हाच मोबाइलवर दार लावल्याचा, चोक ओढून इंजिन सुरू केल्याचा, वायपरचा आणि हॉर्नचा आवाज टिपा. त्या पातळ हॉर्नची नक्कल कुठल्याही ध्वनिसंग्रहात मिळत नाही.

एकूण

घरात बऱ्यापैकी डेस्कटॉप असेल किंवा लॅब मिळत असेल, तर संदर्भासाठी दीड हजार, एक टीबीची बाहेरची हार्ड डिस्क पाच-सहा हजार, वीज सहाशे, संगीत तीन हजार आणि रेंडर अडलंच तर भाड्याच्या यंत्रणेसाठी राखीव तीन हजार. चौदा हजारांच्या आसपास. यूपीएस नसेल तर वीस. ग्राफिक्स कार्ड घालायचं असेल तर पन्नासपर्यंत. कॉम्प्युटरच नसेल तर सव्वा लाख, पण तो खर्च या एका शॉटच्या नावावर टाकू नये. ते यंत्र पुढची चार-पाच वर्षं पोटापाण्याचं साधन होणार आहे.

पालकांना एवढंच सांगणं: पैसे देण्याआधी पोराकडून शॉटची लांबी आणि एका फ्रेमचा रेंडरचा वेळ लिहून घ्या. हे दोन आकडे ज्याला सांगता येत नाहीत, त्याला अजून कार्डाची गरज नाही. आणि बिल असूनही दुकानदार वॉरंटी नाकारत असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. फोन करताना कार्डाचा सीरियल नंबर हाताशी ठेवा.